‘डिडन्ट वेन्ट’ कुठून येतं?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीतल्या चुकांचा विषय निघाला की आपल्याकडे फजितीचे किस्से सुरू होतात. मुलाखतीत कोण काय बोललं, साहेबांना पाठवलेल्या ईमेलमध्ये काय लिहिलं, मग सगळ्यांचं हसणं. मला ते हसणं आवडत नाही. ज्याला हसतात तो माणूस पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही, हे मी वर्गात फार पाहिलंय. म्हणून आज चुका होतात कशा, याबद्दल बोलू.

आधी इंग्रजांच्या घरच्या चुका बघू. तिथल्या जाणकारांना फार खुपणारी एक चूक म्हणजे ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहिणं. बोलताना ‘शुड हॅव’ आखडून ‘शुडव्ह’ होतं. आणि आपण ज्याला ‘ऑफ’ म्हणतो, तो ओ-एफ शब्द इंग्रज माणूस घाईत ‘अव्ह’ असा उच्चारतो. दोन्ही कानाला सारखेच. आईच्या मांडीवर भाषा शिकलेलं मूल जे ऐकलं ते लिहितं आणि चुकतं. आपल्या मुलांकडून ही चूक सहसा होत नाही, कारण ती ‘गो, वेन्ट, गॉन’ पाठ करून, फळ्यावर बघून इंग्रजी शिकतात.

‘इट्स’चंही तसंच. एक ‘इट्स’ म्हणजे ‘ते आहे’, त्यात अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या मध्ये वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह. दुसरा म्हणजे ‘त्याचं’, त्यात नाही. आत्ता मी नुसतं ‘इट्स’ म्हटलं तर त्यातला कोणता, हे तुम्हाला ओळखता येणार नाही. शिवाय ‘रामाचं’ लिहिताना अपॉस्ट्रॉफी द्यायचा आणि ‘त्याचं’ लिहिताना द्यायचा नाही, हे साध्या तर्काला पटणारं नाही. सतराव्या-अठराव्या शतकात तर ‘त्याचं’ या अर्थीही अपॉस्ट्रॉफी देऊन सर्रास छापत असत.

जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकारांनी या चिन्हाच्या रक्षणासाठी २००१ मध्ये इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या बोस्टन गावी संस्था काढली होती. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दिसल्या की ते मालकांना नम्रपणे पत्र लिहायचे. २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी त्यांनी हे काम थांबवलं, आणि अज्ञान व आळस जिंकले असं म्हणाले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण आळसाचा आरोप मला मान्य नाही. जिथे कानाची मदतच मिळत नाही, तिथे मेहनती माणूसही चुकतो. आपल्याकडे किती पाट्यांवर ‘आणी’ असा दीर्घ इकार दिसतो! शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा मराठीचा नियम, आणि नेमका ‘आणि’ त्याला अपवाद. उच्चारात फरक कळत नाही, मग हात नियमाकडे वळतो.

आता आपल्या चुका. त्या कानातून येत नाहीत, मराठीतून येतात. ‘आय डिडन्ट वेन्ट’ घ्या. हे ऐकून इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या कपाळाला आठी पडतेच. पण आपण मराठीत काय म्हणतो? ‘मी गेलो नाही.’ ‘गेलो’ भूतकाळातच राहतो, पुढे नुसतं ‘नाही’ लागतं. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळाचा भार तो उचलतो आणि ‘वेन्ट’चा पुन्हा ‘गो’ होतो. मराठी क्रियापदाला ही सवयच नाही. म्हणजे चुकणारं मूल मराठीचं व्याकरण बिनचूक पाळत असतं.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ तसंच. मित्र एक असो की दहा, ‘मित्र’ शब्द बदलत नाही, म्हणून ‘फ्रेंड्स’मधला तो शेवटचा ‘स’ निसटतो. ‘डिस्कस अबाउट’ का? आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, त्या ‘विषयी’चा ‘अबाउट’ होऊन बसतो. आणि ‘द’ कुठे घालायचा हे तर वर्षानुवर्षं शिकून झालं तरी अडतं, कारण ‘द’चं काम करणारा स्वतंत्र शब्द मराठीत नाहीच.

काही चुका मात्र उगाच चुका ठरवल्या गेल्या आहेत. मोजता येणाऱ्या वस्तू ‘कमी’ आहेत म्हणताना ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’ हवं, यावरून इंग्लंडात इतका वाद झाला, की २००८ मध्ये टेस्को या दुकानांनी ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ची पाटी बदलून ‘अप टू टेन आयटेम्स’ केली. या नियमाचा उगम सापडतो तो १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी लिहिलेल्या एका वाक्यात, आणि तेही त्यांनी स्वतःची आवड म्हणून लिहिलं होतं. आपला ‘प्रीपोन’ही, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, मला अजिबात खटकत नाही. कामाचा शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशानंही घेतलाय.

पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. मूल ‘आय डिडन्ट वेन्ट’ म्हणालं, तर त्याला मध्येच तोडू नका. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या, आणि सहज विचारा, ‘ओ, यू डिडन्ट गो? व्हाय?’ मग ते काय उत्तर देतं ते नीट ऐका.

नमस्कार.