सहा दिवस नुसता चहा: अडलेलं काम हलतं कसं?

नमस्कार मंडळी! शनिवारची सकाळ, मागे दिसतोय तो आपला ठाण्याचा मासुंदा तलाव. मधेमधे रिक्षांचे हॉर्न येतील, तेवढं सांभाळून घ्या.

मी वागळे इस्टेटमध्ये हिशेबाचं काम करते. गेल्या डिसेंबरात जीएसटीचं वार्षिक रिटर्न भरायचं होतं, ३१ तारीख शेवटची. रोज एक्सेल उघडायचे, वर्षभराच्या खरेदीची ती लांबलचक शीट बघायचे आणि चहा करायला उठायचे. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी आई म्हणाली, "अगं, किती चहा ढोसशील?"

मला वाटलं, आळस शिरलाय अंगात. पण आळशी माणूस गाढ झोपतो हो! मला रात्री दोन वाजता बिलं आठवत होती.

याचा एक जुना धागा आहे. बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि काही मधेच थांबवली; हा अभ्यास १९२७ साली छापून आला. अर्धवट राहिलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहिली. नंतरच्या प्रयोगांत दरवेळी तसंच आढळलं नाही, त्यामुळे ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही. मला जास्त पटतो तो २०११ चा मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास. दुसरं काही वाचतानाही अपुऱ्या कामाचे विचार लोकांच्या डोक्यात घुसत होते. ते काम कधी आणि कसं करायचं, याचा नेमका बेत ज्यांनी आखला, त्यांची ही भुणभुण थांबली. काम झालेलं नव्हतंच, फक्त बेत झाला होता!

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. "जीएसटी पूर्ण करणे." हा बेत नाही, ही धमकी आहे. खाली काय लिहिलंय? "उद्या साडेनऊला, डबा टेबलावर ठेवला की, एकाच पुरवठादाराची एप्रिल ते जूनची बिलं टू-बीशी ताडायची." टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर दिसणारी, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी. बस. 'डबा ठेवला की' हे शब्द मुद्दाम घातलेत. डबा रोज ठेवतेच, मूड रोज येत नाही. मूड बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावरच येतो.

आणि आपण ठाणेकर ना? बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी थेट घाटावर गेली नव्हती. १६ एप्रिल १८५३ ला ती आली ३४ किलोमीटर, आपल्या ठाण्यापर्यंतच. बोरघाटातून गाडी जायला १८६३ उजाडलं. आपलं कामही तसंच, आधी छोटा टप्पा.

आता एक स्पष्ट सांगते. तिघांचं काम एकट्यावर पडलं असेल, तर असल्या कागदाने काही होणार नाही. सगळी यादी साहेबांपुढे ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं मागे ठेवू?" आणि दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, असं असेल तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

बाकी, हा व्हिडिओसुद्धा तीन आठवडे अडला होता. काल रात्री फ्रिजवर चिठ्ठी लावली: "शनिवारी सातला, दूध आणलं की, ट्रायपॉड घेऊन गडकरी रंगायतनजवळ." दूध पिशवीतच आहे अजून, पळते!