हिरड्यांचा आकडा विचारा

नमस्कार श्रोतेहो.

"डॉक्टर, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला घासतच नाही." आम्हा दंतवैद्यांना हे फार वेळा ऐकावं लागतं. खरं तर जिथून रक्त येतं, तिथेच मऊ ब्रश हलक्या हाताने रोज फिरायला हवा. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

इथवर सगळं भरून येतं. पुढे सूज आत उतरली की दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही. दुखत मात्र काहीच नाही. म्हणून "नीट घासा, नाहीतर दात पडतील" असं आम्ही दटावतो, पेशंट मान डोलावतो आणि घरी सगळं पूर्वीसारखंच चालतं. माझ्या मते यात दोष आमच्या सांगण्याचा आहे. स्वतःची शुगर किती, बीपी किती हे लोकांना तोंडपाठ असतं. हिरड्यांचा आकडा त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

तो असतो. खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हळूच घालून खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त, आणि त्यात रक्त, म्हणजे लक्ष द्यायला हवं. 6 च्या पुढचं तुमच्या ब्रशने साफ होणार नाही, त्याला उपचारच लागतात. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, हे आकडे मोठ्याने वाचा, आरसा हातात द्या, कोणता दात ते दाखवा. "खालची उजवी दाढ, 5" हे माणूस घरी गेल्यावरही विसरत नाही.

मिश्री लावणाऱ्या आयाबायांना आणि तंबाखू खाणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. तंबाखूने रक्तस्राव दबू शकतो. रक्त येत नाही म्हणून हिरड्या मजबूत आहेत असं समजू नका, मोजून घ्या. मधुमेह असेल तर आणखी लवकर जा, कारण साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

सफाईने दात ढिले होतात, ही भीती अजून घरोघरी आहे. दात आधीच हलत असतो, कीटणाने, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थराने, तो जखडून ठेवल्यासारखा वाटतो इतकंच. कीटण निघालं की खरी स्थिती कळते.

तेव्हा पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की विचारा, "डॉक्टर, माझे आकडे किती?" कागदावर लिहून घ्या. रोज रात्री दातांच्या फटीही साफ करा, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच दाढेचा आकडा पुन्हा मोजायला सांगा.