सात संख्या आणि मारिया गोपर्ट मायर

[दृश्य : पुणे, गणेशखिंड. विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर खडूने आकडे लिहिले जात आहेत.]

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. अणुकेंद्रकातील प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची संख्या यांपैकी एखादी असेल, तर ते केंद्रक विलक्षण स्थिर असते. या जादुई संख्यांमागचे कारण शोधणाऱ्या मारिया गोपर्ट मायर यांना त्या काळात त्यांचे विद्यापीठ पगार देत नव्हते.

[दृश्य : गटिंगनची जुनी छायाचित्रे.]

त्यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी आज पोलंडमध्ये असलेल्या कॅटोविट्झ शहरात झाला आणि बालपण जर्मनीतील गटिंगनमध्ये गेले. गणित शिकण्यासाठी विद्यापीठात गेलेल्या मारिया भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांच्या प्रभावाने पुंजयांत्रिकीकडे, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या भौतिकशास्त्राकडे वळल्या. एकच अणू एकाच वेळी दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषू शकतो, हे त्यांनी १९३० च्या सुमारास आपल्या प्रबंधात गणिताने दाखवले. प्रयोगाने त्याचा पडताळा मिळाला तो लेसर हाती आल्यावर, १९६१ मध्ये.

त्याच काळात पुण्याच्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे संशोधन करत होत्या. इरावतीबाईंना पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापनाचे पद मिळाले. मारिया मात्र पती जोसेफ मायर यांच्याबरोबर अमेरिकेला गेल्या आणि पती ज्या विद्यापीठात प्राध्यापक, तेथे पत्नीला नेमायचे नाही या धोरणामुळे बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि शिकागो या तिन्ही ठिकाणी त्यांना प्राध्यापकाचा पगार कधी मिळाला नाही. हा अन्यायच होता, आणि त्याला दुसरा शब्द नाही.

[दृश्य : शिकागो. कागदावर मांडलेले आकड्यांचे तक्ते.]

१९४६ नंतर शिकागोजवळच्या आरगॉन या अणुसंशोधन प्रयोगशाळेत त्यांना अर्धवेळ, पण पगारी काम मिळाले. मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा विचार करताना निसर्गात कोणते केंद्रक किती प्रमाणात आढळते याची माहिती त्यांनी चिकाटीने गोळा केली, आणि तेच ते आकडे पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. ५० प्रोटॉन असलेल्या कथिलाची तब्बल १० स्थिर समस्थानिके (न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेली रूपे) आहेत, इतर कोणत्याही मूलद्रव्याहून अधिक. अणूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणे केंद्रकातील कणांचीही कवचे, म्हणजे ठरावीक संख्येने भरणारे ऊर्जेचे थर असावेत, असे हे आकडे सुचवत होते. पण केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब, अशी तेव्हाची प्रबळ धारणा होती, आणि कवचांच्या साध्या गणितातून २, ८ आणि २० एवढेच आकडे निघत, पुढचे नाहीत.

एके दिवशी सहकारी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जाता जाता विचारले, स्पिन (कणाची जणू स्वतःभोवतीची गिरकी) आणि कक्षा यांच्या युग्मनाची, म्हणजे एकमेकांवरील परिणामाची, काही खूण दिसते का? मारियांना उत्तर तत्काळ सुचले, कारण सारी माहिती आधीच त्यांच्या डोक्यात मांडलेली होती. हे समजावताना त्या गिरक्या घेत सभागृहाला फेरी घालणाऱ्या नर्तक जोड्यांचा दाखला देत. आपण मंगळागौरीची फुगडी डोळ्यांसमोर आणू. फुगडी घालत अंगणाभोवती फिरणाऱ्या जोड्यांपैकी काहींची गिरकी फेरीच्याच दिशेने असेल, काहींची उलट. दोन्हींना लागणारे श्रम सारखे नसतील. केंद्रकातही कणाचे स्पिन त्याच्या कक्षीय गतीच्या दिशेने असले तर ऊर्जा कमी लागते, उलट असले तर जास्त. हा फरक पुरेसा मोठा मानला की ऊर्जापातळ्या दुभंगतात आणि सातही संख्या जागच्या जागी बसतात.

१९४९ मध्येच जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच उत्तरापाशी पोहोचले होते. मारियांनी ती स्पर्धा मानली नाही. येन्सन यांच्यासह त्यांनी १९५५ मध्ये कवच-प्रतिमानावर, म्हणजे केंद्रकातील कवचांच्या या सिद्धान्तावर, ग्रंथ लिहिला.

[दृश्य : सॅन दिएगो; स्टॉकहोम, डिसेंबर १९६३.]

पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सॅन दिएगो येथे मिळाले. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी काम थांबले नाही. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना येन्सन आणि युजीन विग्नर यांच्यासह देण्यात आले. मेरी क्युरींनंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या भौतिकशास्त्रातील दुसऱ्या स्त्री होत. २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

[दृश्य : पुन्हा गणेशखिंडीतील फळा. १२६ नंतरची जागा रिकामी.]

न्यूट्रॉनांसाठी पुढची संख्या १८४ असावी, असे सिद्धान्त सांगतो. इतके न्यूट्रॉन असलेले केंद्रक अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेले नाही.