लापुआचा कोसोला आणि फुकटची सफर

बसा, बसा. शाल, श्रीफळ आणि माझा परिचय यांत पंचवीस मिनिटं गेली. परिचयात माझे बी.ए.चे मार्कसुद्धा आले, ते लपवायचे होते. आता उरलेल्या वेळात ‘फिनलंडची लोकशाही का टिकली’ हे सांगायचंय.

हिटलर-मुसोलिनी तुम्हाला पाठ आहेत. मी आणलाय विह्तोरी कोसोला. लापुआ गावचा जमीनदार शेतकरी. तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात. रशियाविरुद्ध लढायला तरुणांना चोरून जर्मनीत पाठवायचा, म्हणून 1916 मध्ये पकडला गेला आणि पेत्रोग्रादच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, तुरुंगात पडला. 1917 च्या क्रांतीने सुटला. म्हणजे गावाच्या लेखी देशभक्त. नोव्हेंबर 1929 मध्ये लापुआत तरुण कम्युनिस्टांचा मेळावा भरला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांचे लाल शर्ट फाडले. तिथून कम्युनिस्टविरोधी लापुआ चळवळ पेटली आणि कोसोला तिचा चेहरा झाला.

आता माझा आवडता शब्द: ‘क्यूदित्यूस’. मूळ ‘क्यूती’, म्हणजे गाडीतून पोचवणं. आपण म्हणतो ना, ‘चला, नाक्यापर्यंत सोडतो’, तसंच. फक्त इथे डाव्या पुढाऱ्याला घरातून उचलायचं, बडवायचं आणि सोव्हिएत सरहद्दीकडे ‘सोडायचं’. काहींचे जीवही गेले. गुंडगिरीला असा घरगुती शब्द मिळाला की ती शेजाऱ्याची मदत वाटायला लागते. आपल्याकडचे असले शब्द मी सांगत नाही, अध्यक्ष घाबरलेत.

तर 14 ऑक्टोबर 1930. हेलसिंकीच्या कुलोसारी भागात एक वृद्ध जोडपं सकाळी फिरायला निघालंय. गृहस्थ कोण? के. यो. स्टोलबर्ग, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कायदेपंडित, खुद्द राज्यघटनेचे शिल्पकार! त्यांना नि एस्तेरबाईंना गाडीत कोंबलं आणि पार पूर्वेला योएन्सूला नेऊन सोडून दिलं. ठेचायचे होते कम्युनिस्ट, उचलला घटनाकार. धागे लष्कराच्या प्रमुखपदाजवळ, जनरल स्टाफचे प्रमुख वालेनियस यांच्यापर्यंत पोचले. कालपर्यंत ‘पोरं जरा तापट आहेत’ म्हणणारे सभ्य लोक त्या दिवशी बिचकले.

पाच मिनिटं? बरं. मग मुद्दा पळवतो.

जुलै 1930 मध्ये बारा हजारांहून जास्त शेतकऱ्यांचा मोर्चा हेलसिंकीत आला, कोसोला पुढे. सरकारने त्यांचं स्वागत केलं, आणि वर्षअखेरीपर्यंत कम्युनिस्टविरोधी कायदे झाले, त्यातच प्रजासत्ताक संरक्षण कायदा. 1931 मध्ये चळवळीचे लाडके स्विनहुव्हुद राष्ट्राध्यक्ष झाले, तेही स्टोलबर्गना 151 विरुद्ध 149 मतांनी हरवून. (आडनावाचा अर्थ डुकराचं डोकं. हसू नका, आपल्याकडे डुकरे आहेतच.) फेब्रुवारी 1932 मध्ये मेंत्सेले गावात चळवळीचं सशस्त्र बंड झालं. स्विनहुव्हुद रेडिओवर बोलले: घरी जा, साध्या माणसाला शिक्षा नाही. लोक गेले. पुढारी अडकले, कोसोलाही.

आणि चळवळीवर बंदी घातली कोणत्या कायद्याने? तोच, प्रजासत्ताक संरक्षण! मोर्चा काढून मागितलेला. माझं म्हणणं एवढंच आहे की फिनलंडला डाव्यांनी वाचवलं नाही. कायदा मानणाऱ्या उजव्यांनी आपल्याच माणसाला तो लावला.

पुढे चळवळीच्या लोकांनी काढलेल्या नव्या पक्षाला 1933 मध्ये 200 पैकी 14 जागा मिळाल्या. कोसोला 1936 मध्ये पक्षाच्या अध्यक्षपदावरून गेला, डिसेंबरात जगातूनही. वय 52. उरलेलं चहाच्या रांगेत विचारा, तिथे माईक नाही.