फेसाचा मान: अ‍ॅझ्टेक लोकांचे चॉकलेट

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण ज्या चॉकलेटविषयी बोलणार आहोत, ते चावून खाण्याचे नव्हते. पाचेकशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत राज्य करणारे अ‍ॅझ्टेक लोक ते पीत असत, बहुधा थंडच, आणि त्याची प्रत ठरे ती त्यावरच्या फेसावरून.

त्यांची राजधानी तेनोचतित्लान मेक्सिकोच्या उंच पठारावर होती आणि तेथील थंडीत कोकोचे झाड तग धरत नसे. त्यामुळे बिया येत त्या दूरच्या उष्ण प्रदेशांतून, विशेषतः प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील शोकोनोचको प्रांतातून. काही खंडणी म्हणून, तर काही पोचतेका नावाच्या व्यापाऱ्यांमार्फत. ओझ्याची जनावरे नव्हतीच, म्हणून हा सारा माल माणसांच्या पाठीवरून येई. एका ओझ्यात २४,००० बिया धरल्या जात. याच बिया बाजारात चलन म्हणूनही चालत. तेव्हा ज्याच्या घरी हे पेय होई, त्याची ऐपत वेगळी सांगावी लागत नसे.

ते करण्याचे काम स्त्रियांकडे असे. आंबवून वाळवलेल्या बिया भाजायच्या, टरफले काढायची आणि गुडघे टेकून उतरत्या दगडी पाट्यावर त्या बारीक वाटायच्या. त्यात चवीप्रमाणे मिरची, व्हॅनिला, सुगंधी फुले, रंगासाठी शेंद्री, कधी मध घालत. साध्या प्रतीच्या पेयात मक्याचे पीठ मिसळून ते वाढवीत. हे वाटण पाण्यात कालवून गाळले, की खरे कौशल्य सुरू होई: उभे राहून, एका भांड्यातून खाली ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात त्याची उंचावरून धार धरायची, पुन्हा पुन्हा, दाट फेस येईपर्यंत. सोळाव्या शतकात नाहुआ, म्हणजे अ‍ॅझ्टेक ज्या समाजाचे होते त्या समाजातील, जाणकारांकडून माहिती गोळा करणाऱ्या बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकाच्या ग्रंथात चांगली विक्रेती कोणती, हे सांगताना याच उंच धारेचा उल्लेख आहे. मला यात त्या अनामिक स्त्रियांच्या हातांचा मोठा गौरव दिसतो.

पिण्याचा अधिकार मुख्यतः सरदार, योद्धे आणि मोठे व्यापारी यांचा. मेजवानीत जेवण आटोपल्यावर रंगवलेल्या तुंबीच्या पेल्यांतून ते दिले जाई आणि ढवळण्यासाठी कासवाच्या पाठीच्या काड्या असत.

१५२१ मध्ये तेनोचतित्लान स्पॅनिशांच्या हाती पडले. पुढे स्पॅनिश वसाहतकारांनी या पेयात साखर आणि दालचिनी घातली, ते गरम पिण्याची रीत पाडली आणि फेसासाठी उंच धारेऐवजी लाकडी रवी हाती घेतली.