व्यवसाय कराचे अडीच हजार रुपये

मंडळी, दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून अंगावर घेतलेली उचल म्हणजे आगाऊ रक्कम, आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात. बाई आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून घेतले जातात. याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर २०१०मध्ये एका झटक्यात १५० मर्सिडीज गाड्या खरेदी झाल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. देशभर कौतुक झालं. गाडी घेणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्यांच्या हातात आधीच भरपूर आहे त्यांच्याकडे दरवर्षी आणखी मोठा वाटा कसा सरकत जातो, हे मला आज मांडायचंय.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी २०२४मध्ये अंदाज मांडला, की २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला. खालच्या निम्म्या देशाला मिळून साधारण १५ टक्के. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या एक टक्क्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. कुणी म्हणेल, जागतिक बँकेच्या आकड्यांत तर भारत बराच समान दिसतो. दिसतो, कारण तिथं घरखर्च मोजलाय. मजुराच्या घरात येईल ते खर्चून वर उधारी होते. श्रीमंताच्या उत्पन्नातला मोठा भाग खर्चात येतच नाही, तो शेअर आणि जमिनीत जातो.

हा वाटा आपोआप वाढलेला नाही. वारशावरचा मृत्युकर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ साली आला, २०१५च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०१९मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची सवलत मिळाली. १९७३-७४मध्ये उत्पन्नावरचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता, तो मला परत नको. अशा दरानं कर कमी आणि चोरी जास्त होते. पण त्या टोकावरून निघून आपण वारशावर एक पैसाही न घेण्याच्या टोकाला आलो, हे मला पटत नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण घ्या, कारण वरून खाली पैसा आणायचा कसा, हे महाराष्ट्रानं एकदा करून दाखवलंय. बहात्तरचा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. रेशनवरची मिलो ज्वारी, वाटपाची सुकडी, खडी फोडणं, पाझर तलाव. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला बळ आलं. १९७७ साली कायदा झाला, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पण पैसा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घ्यायचा आणि खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला लावायचा. मुंबईच्या पगारातून बीडमधल्या आष्टी-पाटोद्याचा पाझर तलाव! मला या राज्याचा इतका अभिमान दुसऱ्या कशाचा क्वचितच वाटतो.

त्या कराचं पुढं काय झालं, ते आपल्या पगारपत्रकात बघा. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं घातलेली ही कमाल मर्यादा १९८८ साली २५० वरून २५०० झाली, ती आजही तिथंच आहे. म्हणजे महिना पंधरा हजारांवर राबणारा शिपाई वर्षाला २५०० भरतो आणि कोट्यवधींचा पगार घेणारा कंपनीचा प्रमुखही २५००च भरतो. ज्या काळात वरचा वाटा सहा टक्क्यांवरून बावीसच्या वर गेला, जवळपास त्याच काळात ही रक्कम जागची हललेली नाही.

ती हलवायला घटनादुरुस्ती लागते. १९८८ साली झाली तशी पुन्हा करता येईल. शिपायावरचा बोजा कमी करा, आणि वरच्या उत्पन्नाला टक्क्यानं कर लावा. त्यातला पैसा पूर्वीसारखा कायद्यानंच मजुरीसाठी बांधून ठेवा. मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार जातात. यंदा कोयते परत आले, की गावोगावच्या ग्रामसभांत हा ठराव घ्या आणि त्याची प्रत आपापल्या खासदाराच्या हातात द्या. मसुदा लिहायला मी येतो.