चवदार तळ्याचा खटला

महाड. समोर दिसतंय ते चवदार तळं. चारी बाजूंना घरं, मध्ये पाणी. शंभर वर्षांपूर्वी इथं गुरंढोरं पाणी पीत. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र काठावर यायची बंदी होती.

कागदावर तळं सगळ्यांना खुलं होतं. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. ठराव दप्तरात गेला. पाणी भरायला कुणी धजावलं नाही.

20 मार्च 1927. महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मांडवातून माणसं रांगेनं निघाली. बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग बाकीचे. थोड्याच वेळात गावात आवई उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव आला आणि मांडवात जेवायला बसलेल्यांनाही झोडपलं. पुढं तळं शेण-गोमूत्रानं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. हजारो लोक महाडात आलेले. 25 डिसेंबरला याच लोकांनी मनुस्मृती जाळली. तळ्याच्या पाण्याला मात्र कुणी हात लावला नाही. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडू दिला नाही. मार खाऊन परतलेल्या, पुन्हा पायपीट करून आलेल्या माणसांना ‘थांबा’ म्हणणं किती जड गेलं असेल! मला महाडच्या सगळ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

मग सुरू झाली कोर्टाची वाट. वादींचं म्हणणं होतं, तळं खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी पाण्याला शिवायचं नाही ही फार जुनी वहिवाट आहे. महाडला वादी हरले, ठाण्याला अपिलात हरले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टातही हरले. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्या निकालात म्हटलं होतं की ही वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

पाणी मिळालं ते पुराव्याअभावी. तो पुरावा मिळाला असता तर? माणसाला माणूस म्हणून पाणी मिळायलाच हवं, असं सांगणारं कलम तेव्हाच्या कायद्यात नव्हतं.

26 जानेवारी 1950 पासून ते आहे. संविधानाचं कलम 14 सांगतं, कायद्यापुढं समानता आणि कायद्याचं समान संरक्षण राज्य कुणालाही नाकारणार नाही. पण महाडात वाट अडवली होती ती शेजाऱ्यांनी. म्हणून कलम 15 चा दुसरा खंड राज्यापाशी थांबत नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असं तो सांगतो. आणि तिथं जागांची नावंच लिहिली आहेत: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते.